टोपली आणि काथवट

आशीर्वाद द्यायची वेळ आली की आपली भाषा एकदम उंचावर जाते. अष्टपुत्रा सौभाग्यवती भव, औक्षवंत हो, शतायुषी हो. आठ मुलगे आणि शंभर वर्षं. त्याखाली कुणी उतरत नाही. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात मोशे आपल्या लोकांना आशीर्वाद सांगायला लागतो, तेव्हा त्याचाही पहिला सूर असाच चढा आहे. देवाच्या आज्ञा मनापासून पाळल्यात तर तो तुम्हाला जगातल्या सगळ्या राष्ट्रांच्या वर नेऊन बसवेल, अशी सुरुवात. पण हा सूर फार टिकत नाही. दोन वचनं झाली की मोशे खाली उतरतो. आधी नगरात येतो, मग शेतात, मग गोठ्यात, आणि पाचव्या वचनात सरळ स्वयंपाकघरात शिरतो. तिथे तो आशीर्वाद देतो धान्याच्या टोपलीला आणि कणीक मळायच्या काथवटीला.

काथवटीला मिळालेला दुसरा कुठला आशीर्वाद मला तरी ठाऊक नाही.

आज्ञा पाळणाऱ्याला देव काय देतो, हा प्रश्न निघाला की बायबल वाचणारे हमखास हा अध्याय उघडतात. त्यातलं तेरावं वचन, शेपूट न राहता डोकं होण्याचं, विशेष लाडकं. परीक्षा, नोकरी, धंदा, निवडणूक, कशालाही ते लावलं जातं. लावणाऱ्याच्या श्रद्धेवर मी बोट ठेवत नाही. पण त्या घाईत पाचवं वचन वाचायचं राहून जातं, आणि माझ्या मते या अध्यायाचा जीव तिथेच आहे.

ऐकणारे कोण आहेत, ते आधी पाहायला हवं. यार्देन नदीच्या पूर्वेला, मवाबाच्या मैदानात तळ पडला आहे. मिसरातून बाहेर पडून चाळीस वर्षं झाली. जे तेव्हा प्रौढ होते, त्यांची पिढी जवळजवळ सगळी रानातच संपली. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा जन्मच तंबूत झालेला. रोज सकाळी जमिनीवर पडलेला मान्ना गोळा करून त्यांनी दिवस काढले. त्यांनी नांगर धरलेला नाही, स्वतःच्या पिकावर विळा चालवलेला नाही. अशा माणसांना मोशे शेताचा आणि टोपलीचा आशीर्वाद देतो, तेव्हा तो त्यांच्याकडे असलेलं वाढवून देत नाही. अजून हातात नसलेल्या एका साध्या दिवसाचं वचन तो देतो आहे. सकाळी शेतावर जायचं, संध्याकाळी घरी यायचं, घरात पीठ असायचं.

तिसऱ्या ते सहाव्या वचनात आशीर्वादाचं पालुपद सहा वेळा येतं, आणि त्याची रचना पाहण्यासारखी आहे. नगर आणि शेत ही जोडी. मग तीन प्रकारची फळं: पोटची, जमिनीची, गुराढोरांची. मग टोपली आणि काथवट. शेवटी घरात येणं आणि घराबाहेर पडणं. मधल्या टप्प्यात धान्य स्वतः चालत घरी येतं: शेतातून टोपलीत, टोपलीतून काथवटीत. काथवटीनंतर चूल यायला हवी, भाकर यायला हवी. मोशे तिथे थांबतो. भाकर भाजण्याचं काम तो ऐकणाऱ्यावर सोडतो.

टोपली आपण दोनच अध्याय आधी पाहिलेली असते. सव्विसाव्या अध्यायात शेतकऱ्यानं पहिल्या पिकातला वाटा टोपलीत घालून देवाच्या वेदीपुढे न्यायचा आहे. तिथे उभं राहून त्यानं आपल्या घराण्याची कहाणी म्हणायची: आमचा पूर्वज एक भटका अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे आम्ही गुलाम झालो, देवानं बाहेर काढलं. वेदीपुढे रिकामी झालेली ती टोपली अठ्ठाविसाव्या अध्यायात भरून घरी येते. काथवटीचा इतिहास तर याहून जुना. ‘निर्गम’ पुस्तकात ती पहिल्यांदा दिसते तेव्हा मिसरी लोकांच्या काथवटींत बेडूक उड्या मारत असतात. दुसऱ्यांदा दिसते ती मिसर सोडायच्या रात्री. इस्राएली बायांनी पीठ मळलेलं, पण ते आंबायला वेळ मिळालेला नाही. काथवटी कपड्यांत गुंडाळून, खांद्यावर टाकून लोक अंधारात निघालेले. त्या न आंबलेल्या पिठाची आठवण यहुदी माणूस आजही वल्हांडण सणाला बेखमीर भाकर खाऊन ठेवतो. त्यानंतर काथवटीचं नाव येतं ते इथे, मवाबाच्या मैदानात. चाळीस वर्षांपूर्वी खांद्यावर चढलेली काथवट जमिनीवर टेकेल आणि तिच्यातलं पीठ शांतपणे आंबेल, इतका वेळ तुम्हाला मिळेल. त्या मैदानात हे वाक्य ऐकून एखाद्या म्हातारीच्या खांद्याला जुनी रग जाणवली असेल, असं मला उगाचच वाटतं.

सहावं वचन येण्या-जाण्याचं. त्यानंतर तीनच अध्यायांनी मोशे लोकांना सांगतो की मी आता एकशेवीस वर्षांचा झालो, माझ्यानं येणं-जाणं होत नाही, आणि देवानं मला यार्देन ओलांडायला मनाई केली आहे. स्वतःला जे मिळणार नाही, ते तो दुसऱ्याला वाटून टाकतो आहे, तेही त्याचा उल्लेख न करता. वक्ता म्हणून मोशेचं हे संयमी रूप मला फार आवडतं. नाहीतर या पुस्तकात तो बोलायला लागला की थांबत नाही.

दुसऱ्या वचनातली एक प्रतिमाही सहज निसटते. आज्ञा पाळलीत तर हे सगळे आशीर्वाद तुमच्या मागून येऊन तुम्हाला गाठतील, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे धावायचं आशीर्वादांनी, माणसानं नाही. माणसाची पाठ आशीर्वादाकडे आहे, तो आपल्या कामात आहे. आणि या लोकांना पाठलागाचा अनुभव काय? समुद्राच्या काठी फारोच्या रथांनी त्यांना असंच मागून गाठलं होतं. पुढे रानात अमालेकी टोळ्यांनी मागे राहिलेल्या थकल्याभागल्यांना कापून काढलं होतं. मागून येणारी गोष्ट वाईटच असते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांना आता सांगितलं जातंय की मागून सुखही येऊ शकतं. अर्थात पुढे पंधराव्या वचनात शापही तसेच मागून येऊन गाठतात, आणि पंचेचाळिसाव्या वचनात तर पाठलाग हा शब्दच वापरला आहे.

आता पावसाकडे. बाराव्या वचनात देव आपलं आकाशातलं कोठार उघडतो आणि वेळच्या वेळी पाऊस देतो. याचं वजन कळायला अकरावा अध्याय वाचावा लागतो. तिथे मोशे दोन देशांच्या शेतीची तुलना करतो. मिसरात तुम्ही बी पेरायचात आणि भाजीच्या मळ्यासारखं पायानं पाणी द्यायचात. जिथे निघाला आहात तो देश डोंगरदऱ्यांचा आहे, तो आभाळाचं पाणी पितो. आपल्याकडच्या वाचकाला हे एका वाक्यात सांगता येईल: हे लोक बागायत सोडून जिरायतीकडे निघालेत. नाईलला पूर दरवर्षी यायचा, राजा कसाही असो. जिथे निघालेत त्या कनान देशात पावसाळा साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. पहिला पाऊस झाला की पेरणी, शेवटचा झाला तर दाणा भरणार, आणि उन्हाळ्याचे महिने आभाळ कोरडं ठक्क. यातला एखादा हुकला तर वर्ष गेलं. जिरायतीचा शेतकरी वर पाहत जगतो, आणि मोशे म्हणतो की वरूनही कुणीतरी वर्षाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्या जमिनीकडे पाहत असतो. आज्ञा आणि पाऊस यांची गाठ या नजरेत बांधली गेली आहे. ज्याचं पोट कालव्यावर भरतं, त्याला हा अध्याय नुसताच सौदा वाटेल. ज्यानं मृग कोरडा गेलेला पाहिलाय त्याला वाटणार नाही.

पाऊस घराघरांवर निवडून पडत नाही, हेही इथे ध्यानात घ्यावं. मोशे ‘तू’ म्हणतो, पण तो ‘तू’ म्हणजे सबंध समाज. एकाच माणसाची टोपली भरेल आणि शेजाऱ्याची रिकामी राहील, असा आशीर्वाद या अध्यायाच्या कल्पनेतच नाही. म्हणून त्याला वैयक्तिक भरभराटीचा हमीपत्रासारखा कागद करणं हे मला धर्मदृष्ट्या चूक की बरोबर ते सोडा, वाचन म्हणून तरी कच्चं वाटतं.

चौदा वचनांत आशीर्वाद संपतात. पुढची चोपन्न वचनं शापांची आहेत.

हे प्रमाण पाहून दचकायला होतं. आदल्या अध्यायात शखेमजवळ, म्हणजे आजच्या नाब्लुसजवळ, दोन डोंगरांवर सहा-सहा वंश उभे करायचे असं ठरतं: गरिज्जीम आशीर्वादाचा, एबाल शापाचा. योगायोग असा की त्यातही एबालच थोडा उंच आहे. पण त्या काळाच्या रिवाजात हे प्रमाण जगावेगळं नव्हतं. हम्मुराबीच्या शिलास्तंभाच्या शेवटीही कायदा पाळणाऱ्या राजाला थोडक्यात आशीर्वाद आणि मोडणाऱ्याला लांबलचक शाप आहेत. अनुवादाच्या या अध्यायाला सगळ्यात जवळचा नमुना मात्र अश्शूरचा. राजा एसरहद्दोन यानं इ.स.पू. ६७२ मध्ये आपल्या मांडलिकांकडून शपथा घेतल्या: माझ्यानंतर माझा मुलगा अश्शुरबनीपाल गादीवर येईल, त्याच्याशी इमान राखा, त्याच्यावर स्वतःसारखं प्रेम करा. या करारनाम्यांच्या मातीच्या पाट्या १९५५ मध्ये निमरुदच्या उत्खननात सापडल्या, १९५८ मध्ये डी. जे. वाइजमन यांनी त्या प्रसिद्ध केल्या. २००९ मध्ये तुर्कस्तानातल्या तेल तायिनात इथे आणखी एक प्रत मिळाली. शपथ मोडणाऱ्यासाठी तिथे शापांची रांग आहे. जमीन लोखंडाची होईल आणि काशाच्या आभाळातून पाऊस पडणार नाही, हेही त्यात आहे. अनुवादाच्या तेविसाव्या वचनात जवळपास तेच. त्वचारोग, आंधळेपणा, पक्ष्यांच्या तोंडी पडलेली प्रेतं, दुसऱ्याच्या हाती गेलेली बायको, हाही ऐवज दोन्हीकडे सारखा.

यहूदाचा राजा मनश्शे एसरहद्दोनचा मांडलिक होता. तेव्हा असले कागद यरुशलेमच्या कारकुनांच्या नजरेखालून गेले असणार, असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर अनुवाद लिहिणाऱ्यानं केलेलं काम मोठं धीटपणाचं आहे. त्यानं सम्राटाच्या करारनाम्याचा साचा जसाच्या तसा घेतला आणि त्यातून सम्राटाला उठवून तिथे आपला देव बसवला. इमान राखायचं, जीव लावायचा, घाबरायचं, ते अश्शूरच्या राजाला नाही. अश्शूरच्या पाट्यांत कुष्ठ देणारा चंद्रदेव सीन वेगळा, दृष्टी काढून घेणारा सूर्यदेव शमश वेगळा, खातेवाटप ठरलेलं. अनुवादात सगळी खाती एकाच्याच हातात. त्यामुळे दुःख अधिक सुसूत्र होतं, आणि सहन करायला अधिक अवघडही.

पण उसन्या साच्यात मोशेनं, किंवा मोशेच्या नावानं लिहिणाऱ्यानं, जे भरलं ते त्याचं स्वतःचं आहे. शापाची सगळी कारागिरी आशीर्वाद उलटा चालवण्यात आहे. शत्रू एका वाटेनं येऊन सात वाटांनी पळतील, हे सातवं वचन. पंचविसाव्यात तुम्हीच एका वाटेनं जाऊन सात वाटांनी पळाल. तेराव्यातलं डोकं-शेपूट चव्वेचाळिसाव्यात जागा बदलतं. सहा आशीर्वादांचे सहा शाप होतात, मात्र एक अदलाबदल होऊन: आशीर्वादात पोटच्या फळानंतर टोपली-काथवट येते, शापात टोपली-काथवट आधी येते आणि पोटचं फळ नंतर. नक्कल करणाऱ्याची ही चूक असेलही. मला मात्र ती दुष्काळाची क्रमवारी वाटते. आधी भांडी रिकामी होतात, मग पाळणे.

तिसाव्या वचनात तीन गोष्टी सांगितल्या आहेत. वाग्दत्त वधू दुसरा नेईल, बांधलेल्या घरात राहायला मिळणार नाही, लावलेल्या द्राक्षमळ्याचं फळ खायला मिळणार नाही. हेच तीन जण विसाव्या अध्यायात भेटलेले असतात. तिथे लढाईपूर्वी अधिकारी सैन्यापुढे उभे राहून विचारतात: नवं घर बांधून अजून त्यात राहायला गेलेला कुणी आहे का? मळा लावून फळ न चाखलेला? लग्न ठरून बायको घरी न आणलेला? असेल तर त्यानं घरी जावं, न जाणो तो लढाईत मरेल आणि त्याचं सुख दुसरा भोगेल. युद्धाच्या नियमांत ठेवलेली ही केवढी हळवी सवलत. अठ्ठाविसाव्या अध्यायात तीच सवलत काढून घेतली जाते, त्याच तीन माणसांकडून. पुढे बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना संदेष्टा यिर्मया पत्र धाडतो की तिथे घरं बांधा, बागा लावा, फळं खा, लग्नं करा. तो हा शाप पाठ असलेल्या लोकांशीच बोलतो आहे. परक्या मुलुखात बसून शाप उसवायला सांगतो आहे.

वेढ्याची वचनं, त्रेपन्न ते सत्तावन्न, मी सहसा ओलांडून जातो. भुकेनं वेड्या झालेल्या आईबापांचं ते वर्णन पुन्हा पुन्हा वाचण्यासारखं नाही. पण ओलांडतानाही एक तळवा दिसतो. नाजूकपणापायी जी जमिनीला पायाचा तळवा टेकत नसे, अशी बाई तिथे आहे. तळवा त्याआधी पस्तिसाव्या वचनात येऊन गेलेला असतो: तळव्यापासून टाळूपर्यंत फोड. आणि पासष्टाव्यात तो तिसऱ्यांदा येतो: परमुलखात तळवा टेकायलाही जागा मिळणार नाही. ज्यांना चालून चालून एका जमिनीवर पाय ठेवायचा होता, त्यांच्यासाठी लिहिलेल्या शापात पायाचा तळवा असा तीनदा दुखतो. शेवटचं वचन तर कथाकाराचं. देव तुम्हाला गलबतांत घालून परत मिसरला पाठवेल. तिथे तुम्ही स्वतःला गुलाम म्हणून विकायला उभे राहाल, आणि गिऱ्हाईक मिळणार नाही. सगळी कहाणी जिथून सुरू झाली तिथेच परत, पण आता गुलाम म्हणूनही किंमत उरलेली नाही.

या चोपन्न वचनांच्या ढिगात सत्तेचाळिसावं वचन पुरलेलं आहे. एवढं सगळं कशापायी, त्याचं कारण तिथे दिलं आहे, आणि ते मूर्तिपूजा किंवा खून नाही. सगळं भरपूर असताना तुम्ही देवाची सेवा आनंदानं आणि मोकळ्या मनानं केली नाहीत, म्हणून. इथे आज्ञाधारकपणाचा अर्थच बदलतो. मान खाली घालून, दात ओठ खाऊन पाळलेली आज्ञा या पुस्तकाला पुरेशी वाटत नाही. आठव्या अध्यायात मोशेनं बजावलेलं असतं की पोट भरेल, घरं होतील, गुरं वाढतील, तेव्हा हे माझ्याच हातच्या बळानं झालं असं मनात म्हणू नका. भरलेल्या टोपलीपुढे बसून आंबट चेहरा करणारा माणूस त्याला आज्ञा मोडणाऱ्याइतकाच खटकतो.

आणि पाळायच्या त्या आज्ञा कुठल्या? भरभराटीची वचनं सांगणारे इथे सहसा थांबत नाहीत. चोविसाव्या अध्यायात उतरलं की उत्तरं फार घरगुती निघतात. जात्याची तळी गहाण ठेवून घेऊ नका. शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नका, ती उपऱ्याची, पोरक्याची, विधवेची. म्हणजे देव तुमच्या हातच्या कामाला यश देईल. अशाच सवलतीवर पुढे बवाजाच्या शेतात विधवा रूथ सरवा वेचते, आणि ती मवाबाची, म्हणजे मोशे जिथे उभा राहून हे बोलला त्या मुलुखाची. कर्ज दिलंत तर गहाण घ्यायला घरात शिरू नका, बाहेर उभे राहा, तो आणून देईल. तो गरीब असेल आणि त्यानं पांघरूणच गहाण टाकलं असेल, तर सूर्य मावळायच्या आत ते परत करा. तो त्यात झोपेल आणि तुम्हाला आशीर्वाद देईल.

म्हणजे आभाळातून आशीर्वाद यायच्या आधी तो एका कर्जदाराच्या तोंडून येतो, त्याच्याच पांघरुणाखालून. अठ्ठाविसाव्या अध्यायातलं ‘तू राष्ट्रांना कर्ज देशील’ हे वचन या माणसाला शेजारी बसवून वाचावं. शिवाय याच पुस्तकात आपल्या माणसाकडून व्याज घ्यायला बंदी आहे आणि सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचं आहे. सावकारी फोफावेल असा हा आशीर्वाद नाही.

पांघरुणाचा नियम निव्वळ कागदावरचा नव्हता, याची साक्ष १९६०मध्ये मिळाली. यावने-यामजवळ भूमध्य समुद्राच्या काठी एका जुन्या किल्ल्याच्या अवशेषांत शाईनं लिहिलेली खापरं सापडली, इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातली. त्यातलं एक म्हणजे कापणीवरच्या मजुराचा तिथल्या अधिकाऱ्याकडे केलेला अर्ज. मी माझ्या वाट्याची कापणी पुरी केली, धान्य कोठारात लावलं, तरी होशायाहूनं माझं वस्त्र काढून नेलं. माझ्याबरोबर उन्हात कापणी करणारे माझे भाऊबंद साक्ष देतील. मी निर्दोष आहे, माझं वस्त्र परत करवा. आज्ञा पाळणाऱ्या राष्ट्राच्या मोठ्या गोष्टी एकीकडे, आणि हा उघडा मजूर एकीकडे. मला त्या अध्यायावरचं इतकं नेमकं भाष्य दुसरं दिसलेलं नाही.

आज्ञा पाळून नफा होत नाही, हे ज्यांनी पिढ्यान्पिढ्या पाहिलं असे लोक आपल्या कोकणातही होते. बेने इस्राएल हे इथले यहुदी तेल गाळायचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली हे नाव दिलं. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा आहे, तिच्यात बैलालाही सुट्टी सांगितली आहे, कारण तुम्ही स्वतः मिसरात राबलेले गुलाम आहात. आठवड्यातल्या एका दिवसाची विक्री जात असणार, पण त्यांचं वेगळेपण टिकवणाऱ्या मोजक्या गोष्टींत हा बंद घाणा होता. टोपली भरली की नाही याचा हिशोब त्यांनी ठेवला नसावा. घाण्याच्या बैलानं मात्र आशीर्वाद दिला असेल.

यहुदी सभास्थानांत हा अध्याय नव्या वर्षाच्या थोडं आधी वाचला जातो. वर्ष संपावं आणि त्याचे शापही त्याबरोबर संपावेत, असं कारण तालमूद या रब्बींच्या ग्रंथानं दिलं आहे. अनेक ठिकाणी शापांचा भाग वाचणारा आवाज खाली आणतो आणि भरभर पुढे सरकतो.

आता उरतो तो प्रश्न जो कुठल्याही सरळ वाचकाला पडतोच: हे खरं ठरतं का? बायबलानं हा प्रश्न टाळलेला नाही, हे त्याचं मोठेपण. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना नियमशास्त्राचं एक पुस्तक सापडलं. ते वाचून दाखवताच राजा योशीयानं अंगावरची वस्त्रं फाडली. १८०५मध्ये जर्मन अभ्यासक डी वेट यांनी ते पुस्तक अनुवादाचंच होतं अशी मांडणी केली, आणि ती आजही बऱ्याच अंशी मानली जाते. वस्त्रं फाडावीत असं त्यात काय होतं, ते आपण वर पाहिलंच. योशीयानं अक्षरशः सगळं पाळलं. उंचावरची पूजास्थानं पाडली, मूर्ती जाळल्या, वल्हांडण साजरा केला. आणि इ.स.पू. ६०९मध्ये मगिद्दोला फारो नखो याच्या हातून तो मारला गेला, वय एकोणचाळीस. त्याचा आजा मनश्शे, ज्यानं एकूण एक आज्ञा मोडली, पंचावन्न वर्षं राज्य करून मेला. ‘राजे’ पुस्तकाचा लेखक हे लिहून पुढे जातो, कारण शोधत बसत नाही. नंतरच्या ‘इतिहास’ पुस्तकाच्या लेखकाला ते झेपलेलं दिसत नाही. त्यानं मनश्शेला शेवटी पश्चात्ताप करायला लावला आणि योशीयाला देवाची एक सूचना न ऐकल्याचा ठपका लावला. दोन्ही पुस्तकं एकाच ग्रंथात शेजारी-शेजारी ठेवली गेली. त्र्याहत्तराव्या स्तोत्राच्या कवीचा पाय दुष्टांची भरभराट पाहून घसरता घसरता राहतो. संकटांत सापडलेल्या ईयोबाचे मित्र त्याला अठ्ठाविसाव्या अध्यायाचं गणित उलट मांडून दाखवतात, तू भोगतोस म्हणजे तू पापी, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. येशू डोंगरावरच्या प्रवचनात पावसावरची अटच काढून घेतो. न्यायी आणि अन्यायी, दोघांच्या शेतावर तो सारखाच पडतो.

पण या वादातली सगळ्यात बोचरी गोष्ट तालमूदमध्ये आहे. अनुवादात दीर्घायुष्याचं वचन ज्या आज्ञांना जोडलं आहे त्यांपैकी दोन अशा: आईबापांचा मान राखणं, आणि पक्ष्याच्या घरट्यातून पिल्लं घेताना आधी आईला उडवून लावणं. एक बाप मुलाला सांगतो, वर चढ आणि पिल्लं काढून आण. मुलगा बापाचं ऐकून चढतो, आईला उडवतो, पिल्लं घेतो. दोन्ही आज्ञा एका दमात पाळल्या. उतरताना तो पडतो आणि मरतो. एलीशा बेन अबूया हा मोठा विद्वान असलंच काहीतरी पाहून श्रद्धा सोडून गेला, असं तालमूद सांगतं; पुढे त्याचं नावसुद्धा न घेता त्याला ‘तो दुसरा’ म्हटलं जाऊ लागलं. त्याच्या मुलीचा मुलगा रब्बी याकोब यानं त्याच घटनेचा वेगळा अर्थ लावला: वचन या जगाबद्दल नाहीच, पूर्ण दीर्घ असलेल्या त्या दुसऱ्या जगाबद्दल आहे. तालमूद म्हणतं, आज्यानं नातवासारखा अर्थ लावला असता तर तो गेला नसता.

यावर रब्बी स्वस्थ बसत नाहीत. एक जण विचारतो: पण आज्ञा पाळायला निघालेल्याला इजा होत नाही, असं ना आपण मानतो? त्याला उत्तर मिळतं की शिडी मोडकी होती, आणि जिथे धोका उघड दिसतो तिथे चमत्काराच्या भरवशावर राहायचं नसतं. हे उत्तर देणाऱ्यांनी अनुवादाचा बाविसावा अध्याय उघडून पाहिला असता तर आधार तिथेच मिळाला असता. घरट्याचा नियम सहाव्या आणि सातव्या वचनात आहे. लगेच आठव्यात नवं घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की धाब्याला कठडा घाल, म्हणजे वरून कुणी पडून मेलं तर त्याचं रक्त तुझ्या घरावर येणार नाही.